दुसरी पंगत

ताटातला शेवटचा घास संपला, हात धुतले, की आपल्या लेखी जेवण आटोपलं. शरीराच्या लेखी ते अजून अर्ध्यावरही आलेलं नसतं. जठरात दोन ते चार तास, मग सहाएक मीटर लांबीच्या लहान आतड्यात आणखी तीन ते पाच तास, अशी त्या अन्नाची वाटचाल होते. वाटेत साखर, पिष्ट, प्रथिनं, चरबी यांतलं जे शोषता येईल ते शरीर ओढून घेतं. जे पचलं नाही, किंवा पचायला वेळच मिळाला नाही, ते मोठ्या आतड्याच्या दाराशी येतं. तिथे दुसरी पंगत बसलेली असते.

ही पंगत किती मोठी? इस्रायलमधल्या वाइझमन इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २०१६ साली तिचा हिशेब नव्याने मांडला. सत्तर किलो वजनाच्या माणसात साधारण ३८ लाख कोटी जिवाणू, आणि त्या सगळ्यांचं वजन मिळून २०० ग्रॅमच्या आसपास. ‘शरीरात पेशींच्या दहापट जिवाणू असतात’ हे वर्षानुवर्षं छापलं गेलेलं वाक्य या हिशेबाने मोडीत निघालं. दोन्हींची संख्या जवळपास सारखीच निघाली. पण संख्येपेक्षा त्यांचा उद्योग महत्त्वाचा. आपलं उष्टं खाऊन ते जे पदार्थ तयार करतात, त्यातले बरेच आतड्याच्या भिंतीतून रक्तात उतरतात, यकृतात जातात, आणि तिथून सगळ्या अंगभर फिरतात. धमन्यांतूनही.

या विषयात ‘चांगले जिवाणू कोणते आणि वाईट कोणते’ हा प्रश्न सगळे आधी विचारतात. माझ्या मते तो दुसऱ्या क्रमांकाचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की त्यांच्या पानात काय पडतं? चोथा, म्हणजे न पचणारं फायबर, पडला तर तोच जिवाणू आतड्याच्या अस्तराला पोसणारं आम्ल तयार करतो. काहीच पडलं नाही तर तोच त्या अस्तरावरचा चिकट थर खायला लागतो.

जिवाणूंचा हात कुठवर पोचू शकतो हे कळायचं, तर धमनीत नेमकं काय बिघडतं ते आधी जवळून पाहायला हवं. धमनीच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो, फरश्या घट्ट सांधून बसवाव्यात तसा. हा थर धड असेपर्यंत त्यावर प्लेटलेट, म्हणजे रक्ताची गुठळी धरणाऱ्या बारीक पेशी, चिकटत नाहीत, आणि तो स्वतः नायट्रिक ऑक्साइड तयार करून धमनीला सैल ठेवतो. रक्तातले कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएलचे कण, ज्यांचा व्यास जेमतेम २० ते २५ नॅनोमीटर, या थरातून पलीकडे जातात आणि त्यातले काही भिंतीत अडकून राहतात. अडकलेल्या कणांचं रूप बदलतं, ते शरीराला परके वाटायला लागतात, आणि त्यांना उचलायला पांढऱ्या पेशी येतात. या पेशींना थांबणं माहीत नसतं. खाऊन खाऊन त्या कोलेस्टेरॉलच्या थेंबांनी इतक्या भरतात, की सूक्ष्मदर्शकाखाली साबणाचा फेस दिसावा तशा दिसतात. त्यांना फेसाळ पेशी असंच म्हणतात. त्या मेल्या की त्यांचा लगदा तिथेच साचतो आणि शरीर त्यावर तंतूंचं झाकण घालतं. झाकण जाड असेल तर असा प्लाक, म्हणजे भिंतीतला हा झाकलेला साठा, कित्येक वर्षं गप्प बसतो. झाकण पातळ असेल, आत दाह चालू असेल, तर ते एखाद्या दिवशी फाटतं, लगदा रक्ताला लागतो आणि काही मिनिटांत गुठळी धरते. बहुतेक हार्ट अटॅक असेच येतात. धमनी हळूहळू भरत जाऊन एक दिवस पूर्ण बंद झाली, असं तुलनेने कमी वेळा घडतं.

म्हणजे लक्ष ठेवायच्या जागा चार. रक्तात कोलेस्टेरॉल किती, भिंतीत दाह किती, प्लेटलेट किती चिकट, आणि रक्ताचा दाब किती. आतड्यातल्या जिवाणूंचा या चारही जागांशी संबंध दिसलेला आहे. पुरावा मात्र सगळीकडे सारख्या वजनाचा नाही.

सर्वांत जास्त चर्चा झाली ती ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइडची, म्हणजे टीएमएओची. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये स्टॅन्ले हेझन यांच्या गटाने २०११ साली ‘नेचर’मध्ये हा दुवा मांडला. अंड्याचा बलक, यकृत, मांस यांत कोलीन हे पोषकद्रव्य भरपूर असतं. तांबड्या मांसात कार्निटीनही असतं. यातला जो भाग लहान आतड्यात शोषला जात नाही तो पुढे जातो. मोठ्या आतड्यातल्या काही जिवाणूंकडे एक खास विकर (एन्झाइम) असतं, ते कोलीनचा रेणू तोडून त्यातून ट्रायमिथाइलअमाइन हा वायू सोडवतं. शिळ्या मासळीला जो वास येतो तो याच वायूचा. तो रक्तातून यकृतात गेला की तिथलं एफएमओ३ नावाचं विकर त्याला ऑक्सिजन जोडतं आणि बिनवासाचा टीएमएओ तयार होतो. ज्यांच्यात हे यकृताचं विकर जन्मतःच नीट काम करत नाही, त्यांच्या घामाला आणि श्वासाला मासळीचा वास येतो. आपल्या सगळ्यांच्याच आतड्यात रोज काय तयार होत असतं, ते या मंडळींच्या त्रासामुळे नाकाला कळतं.

यात जिवाणूंचाच हात आहे हे कशावरून? २०१३ साली याच गटाने केलेला प्रयोग फार नेटका होता. निरोगी माणसांना दोन उकडलेली अंडी दिली, आणि त्यांच्यासोबत एका कॅप्सूलमधून जड हायड्रोजनची खूण केलेलं कोलीनयुक्त मेद, म्हणजे फॉस्फटिडिलकोलीन. खूण केलेली, म्हणून रक्तात नंतर जे सापडेल ते याच कॅप्सूलमधून आलं हे ओळखता येतं. काही तासांत रक्तात खुणेचा टीएमएओ दिसला. मग त्याच माणसांना आठवडाभर सिप्रोफ्लॉक्सासिन आणि मेट्रोनिडाझोल अशी दोन प्रतिजैविकं दिली आणि पुन्हा तीच अंडी, तीच कॅप्सूल. या वेळी टीएमएओ जवळजवळ नाहीच. औषधं थांबवून महिना उलटला, जिवाणू परत वस्तीला आले, आणि तिसऱ्या खेपेला टीएमएओ पुन्हा हजर. त्याच लेखात अँजिओग्राफीसाठी आलेल्या ४,००७ रुग्णांचा तीन वर्षांचा मागोवाही होता. ज्यांच्या रक्तात टीएमएओ सर्वांत जास्त होता त्या पाव गटात हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा मृत्यू यांचा धोका सर्वांत कमी असलेल्या पाव गटाच्या अडीच पट निघाला.

त्याच वर्षीचं आणखी एक निरीक्षण मला याहून बोलकं वाटतं. कित्येक वर्षं कोणताही प्राणिजन्य पदार्थ न खाणाऱ्या एका व्यक्तीने अभ्यासापुरता सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपासचा तांबड्या मांसाचा तुकडा खाल्ला. तेवढंच मांस नेहमी मांस खाणाऱ्याच्या रक्तात टीएमएओ चढवत होतं, या व्यक्तीच्या रक्तात तो जेमतेम हलला. घास तोच, पण पंगत वेगळी. वर्षानुवर्षं जे पान वाढलं गेलं, त्याने तिथे कोण बसणार हे आधीच ठरवून टाकलेलं होतं. आणि ही बैठक बदलतेही. २०१९ सालच्या एका अभ्यासात ११३ जणांनी आळीपाळीने चार-चार आठवडे तांबडं मांस, पांढरं मांस आणि बिनमांसाचा आहार घेतला. तांबड्या मांसाच्या महिन्यात टीएमएओ सरासरी तिप्पट झाला, आणि ते थांबवल्यावर पुढच्या महिन्याभरात खाली आला. शिवाय तांबड्या मांसाने मूत्रपिंडाकडून होणारा त्याचा निचराही मंदावलेला दिसला. म्हणजे आवक वाढली आणि जावक घटली.

इथपर्यंत वाचून टीएमएओला दोषी ठरवण्याचा मोह होतो. पण थोडं थांबायला हवं. समुद्रातल्या माशांच्या शरीरात टीएमएओ मुळातच भरपूर असतो, खाऱ्या आणि खोल पाण्यात त्यांच्या पेशींतली प्रथिनं तो सांभाळतो. मासा खाल्ल्यावर पंधरा मिनिटांत आपल्या रक्तातला टीएमएओ उसळतो, अंडी किंवा मांस खाल्ल्यावर होतो त्याच्या कितीतरी पट. जिवाणूंची गरजही पडत नाही. आणि मासे खाणाऱ्यांत हृदयविकार जास्त दिसत नाही, उलट कमीच दिसतो. दुसरी अडचण मूत्रपिंडाची. टीएमएओ लघवीवाटे जातो. मूत्रपिंडं थकली की तो रक्तात साचतो, आणि थकलेली मूत्रपिंडं स्वतःच हृदयविकाराचा मोठा धोका असतात. मग कारण कोणतं आणि खूण कोणती? अनुवंशिक माहितीच्या आधारे २०१९ साली झालेल्या एका विश्लेषणाने तर उलट दिशा दाखवली: मधुमेह आणि मूत्रपिंडाचा आजार आधी, टीएमएओ त्यांच्या मागून.

तरीही हे सगळं प्रकरण बासनात बांधून ठेवावं असं मला वाटत नाही, आणि त्याचं कारण प्लेटलेट. २०१६ मध्ये प्रयोगशाळेत दिसलं, की टीएमएओ असताना प्लेटलेट किरकोळ चिथावणीनेही एकमेकींना चिकटतात. पुढच्याच वर्षी १८ निरोगी माणसांना दोन महिने रोज सुमारे ४५० मिलिग्रॅम कोलीन गोळ्यांतून दिलं. टीएमएओ दहापटीहून जास्त वाढला आणि त्यांच्या प्लेटलेट प्रत्यक्षात जास्त चिकट झाल्या. प्लाक फाटल्यावर गुठळी लहान धरणार की धमनी बंद करणारी, हे ठरतं ते याच चिकटपणावर.

रोजच्या खाण्यापुरता यातून निघणारा अर्थ लोक समजतात त्याहून वेगळा आहे. अंड्याची धास्ती घ्यायचं कारण नाही. एका अंड्यात साधारण दीडशे मिलिग्रॅम कोलीन असतं, ते मेदात गुंफलेल्या रूपात असल्याने बरंचसं लहान आतड्यातच शोषलं जातं. मूत्रपिंडं धड असलेल्या लोकांनी महिनाभर रोज चार अंडी खाऊनही उपाशीपोटीच्या टीएमएओत वाढ दिसली नाही. तेच कोलीन बायटार्ट्रेटच्या गोळीतून दिलं तेव्हा मात्र तो चढला. (चार अंडी खा असा हा सल्ला नाही, बलकातल्या कोलेस्टेरॉलचा हिशेब वेगळा.) कोलीन शरीराला लागतंच. पुरुषाला रोज ५५० आणि स्त्रीला ४२५ मिलिग्रॅम पुरेसं मानतात. ते फारच कमी पडलं तर यकृतात चरबी साचते. प्रश्न आहे तो ताकद वाढवण्याच्या किंवा स्मरणशक्तीच्या नावाखाली घेतल्या जाणाऱ्या कोलीन आणि कार्निटीनच्या गोळ्या-पावडरींचा. ज्याला हृदयविकार आहे किंवा ज्याची मूत्रपिंडं अधू आहेत, त्याने डॉक्टरांनी विशिष्ट कारणासाठी दिल्याशिवाय त्या घेऊ नयेत, असं मी स्पष्टपणे म्हणेन.

आता पंगतीच्या दुसऱ्या टोकाकडे जाऊ, कारण मोठं आतडं ही एकच जागा नाही. दीड मीटरच्या या नळीत उजवीकडून अन्न शिरतं आणि डावीकडून बाहेर पडतं. उजव्या भागात चोथा ताजा असतो. जिवाणू तो आंबवतात, आम्लं तयार होतात, तिथलं वातावरण आंबट होतं. पुढे सरकताना चोथा संपत जातो. डाव्या भागात पोचेपर्यंत काहीच उरलं नसेल तर जिवाणू उपाशी बसत नाहीत, उरलेल्या प्रथिनांकडे वळतात. प्रथिनं कुजवताना अमोनिया, फिनॉल, क्रेसॉल असे पदार्थ बाहेर पडतात. यातल्याच एका वाटेने फिनाइलअॅलनिन या अमिनो आम्लापासून फिनाइल अॅसिटिक आम्ल तयार होतं, शरीर त्याला ग्लुटामाइन जोडून टाकतं, आणि तो नवा रेणू प्लेटलेटवरच्या त्याच ग्राहींना, म्हणजे रेणू ओळखणाऱ्या जागांना, जाऊन बसतो ज्यांना ताणाच्या वेळी अॅड्रेनॅलिन बसतं. २०२० सालचं हे संशोधन. हेच ग्राही अडवणाऱ्या बीटा ब्लॉकर गटातल्या एका औषधाने उंदरांत हा परिणाम पुसला गेला, यावरून वाट तीच असावी हे कळलं. हिस्टिडीनपासून जिवाणू तयार करतात त्या इमिडाझोल प्रोपिओनेटचंही असंच. तो इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतो हे २०१८ मध्ये दिसलं होतं, आणि २०२५ मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी दाखवलं, की उंदरांना तो नुसता दिला तरी, कोलेस्टेरॉल न वाढताही, धमन्यांत प्लाक धरतो.

म्हणून चोथा किती खाल्ला याइतकंच तो किती दूरवर पोचतो हेही पाहावं लागतं. फळांतले आणि कांदा-लसणातले भरभर आंबणारे तंतू उजव्या भागातच संपतात. अख्ख्या धान्याचा कोंडा, कडधान्यांची सालं आणि शिजवून थंड केलेल्या बटाट्यात किंवा भातात तयार होणारं न पचणारं पिष्ट हे सावकाश आंबतं आणि लांबवर टिकतं. एकाच प्रकारच्या फायबरच्या पावडरीने जे साधत नाही ते चार प्रकारच्या अन्नाने साधतं ते यामुळे.

चोथा आंबवून जिवाणू मुख्यत्वे तीन आम्लं तयार करतात: अॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींना लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ७० टक्के एकट्या ब्युटिरेटमधून येते. त्या पेशी पोसलेल्या असल्या की एकमेकींना घट्ट धरून राहतात. उंदरांना चोथा नसलेला आहार दिला तेव्हा जिवाणूंनी अस्तरावरचा श्लेष्माचा थर खाऊन पातळ केला आणि रोगजंतूंना आत शिरायला वाट मिळाली. कुंपण असं विरळ झालं की जिवाणूंच्या कवचातले लायपोपॉलिसॅकराइडचे तुकडे थोड्या थोड्या प्रमाणात रक्तात झिरपतात. तापासारखं उघड काहीच होत नाही. पण पांढऱ्या पेशी त्यांना ओळखतात आणि कायम थोड्या चवताळलेल्या राहतात. धमनीच्या भिंतीत लगदा उपसणाऱ्या पेशी त्याच आहेत, हे लक्षात घेतलं म्हणजे आतड्याचं कुंपण आणि प्लाकचं झाकण यांचा संबंध कळतो.

रक्तदाबाशी या आम्लांचं नातं गुंतागुंतीचं आहे आणि मला ते फार आवडतं. २०१३ साली उंदरांत दिसलं, की मूत्रपिंडातला एक ग्राही प्रोपिओनेट ओळखून रेनिन सोडायला लावतो, म्हणजे दाब वाढवतो, आणि रक्तवाहिन्यांतला दुसरा ग्राही त्याच प्रोपिओनेटने दाब उतरवतो. गंमत म्हणजे पहिला ग्राही वास ओळखणाऱ्या ग्राहींच्या कुळातला आहे. मूत्रपिंड जणू आतड्याचा वास घेतं. एकंदर पारडं उतरण्याकडेच झुकतं. ऑस्ट्रेलियात मोनाश विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये औषध न घेणाऱ्या २० उच्च रक्तदाबाच्या व्यक्तींना तीन आठवडे रोज ४० ग्रॅम खास पिष्ट दिलं, ज्याला अॅसिटेट आणि ब्युटिरेट आधीच जोडलेलं होतं. चोवीस तासांचा वरचा दाब सरासरी ६ मिलिमीटरने उतरला. अभ्यास छोटा आहे, पण हा आकडा एखाद्या सौम्य औषधाच्या तोडीचा आहे.

कोलेस्टेरॉलची वाट पित्तातून जाते. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं, ती चरबी पचवायला आतड्यात उतरतात आणि लहान आतड्याच्या शेवटी साधारण ९५ टक्के परत शोषली जातात. शरीरातला जेमतेम तीनेक ग्रॅमचा हा साठा दिवसातून सहा ते दहा फेऱ्या मारतो. जितकी पित्ताम्लं फेरीतून निसटून शौचावाटे जातील, तितकी नवी बनवायला यकृताला रक्तातलं एलडीएल ओढून घ्यावं लागतं. ओट आणि जवातला बीटा-ग्लुकन हा बुळबुळीत तंतू त्यांना अडकवतो. रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन, म्हणजे कोरडे मोजलेले सुमारे ७५ ग्रॅम ओट, पोटात गेले तर एलडीएल साधारण ५ ते ७ टक्के उतरतं. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने १९९७ मध्ये या ३ ग्रॅमच्या आधारावरच वेष्टनावर तसं लिहायला परवानगी दिली. जिवाणूही इथे हातभार लावतात: पित्ताम्लांना जोडलेलं अमिनो आम्ल ते तोडतात, आणि तसं सुटं झालेलं आम्ल परत शोषलं जायला कठीण जातं. काही जिवाणू तर कोलेस्टेरॉलचंच कोप्रोस्टॅनॉल करून टाकतात, जे शोषलंच जात नाही.

इसबगोल मात्र वेगळ्या वर्गात. तो जिवाणूंना जवळजवळ आंबवता येत नाही. रोज १० ग्रॅमच्या आसपास भुसा घेतला तर एलडीएल उतरतं, पोटही साफ होतं, पण ते त्याच्या चिकट लगद्यामुळे. पंगतीच्या पानात त्याने फारसं काही पडत नाही. इसबगोल घेतो म्हणून कडधान्यांची गरज नाही असं समजणाऱ्यांची इथे गफलत होते. आणि तो घ्यायचा तर प्रत्येक वेळी किमान २४० मिलिलिटर पाण्यातून. कोरडा किंवा घोटभर पाण्याबरोबर घेतला तर घशात फुगून अडकू शकतो. इतर औषधं आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवावं, नाहीतर औषधंही त्या लगद्यात गुंततात.

चोथा वाढवायचा तर प्रौढ माणसाने दिवसाला २५ ते ३० ग्रॅमचं लक्ष्य ठेवावं. २०१९ सालच्या ‘लॅन्सेट’मधल्या मोठ्या संकलनात २५ ते २९ ग्रॅमच्या टप्प्यात फायदा सर्वांत स्पष्ट दिसला: कमी चोथा खाणाऱ्यांच्या तुलनेत हृदयविकाराने होणारे मृत्यू १५ ते ३० टक्के कमी. शिजवलेल्या १०० ग्रॅम डाळीत किंवा हरभऱ्यात ७ ते ८ ग्रॅम, सालासकट मध्यम सफरचंदात ४, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम बदामात साडेतीन, ४० ग्रॅम ओटमध्ये ४ ग्रॅम. बेरीज अवघड नाही. अवघड आहे ते पहिले तीन आठवडे काढणं. रोज १२ ग्रॅमवर असलेला माणूस उत्साहाने एकदम ३० ग्रॅमवर जातो, चौथ्या दिवशी पोट नगाऱ्यासारखं होतं, आणि ‘मला कडधान्यं सोसत नाहीत’ म्हणून सगळंच सुटतं. घडलेलं असं असतं, की कडधान्यांतली रॅफिनोज आणि स्टॅकिओज ही साखर तोडणारं विकर माणसाकडे नाही. ती अख्खी जिवाणूंपुढे पडते, आणि पंगतीत अजून ती शांतपणे खाणारे कमी आणि नुसता वायू करणारे जास्त असतात. म्हणून आठवड्याला ५ ग्रॅम इतकीच वाढ करावी. कडधान्यं ८ ते १२ तास भिजवून ते पाणी टाकून द्यावं आणि ताज्या पाण्यात बोटाने सहज चिरडतील इतकी मऊ शिजवावीत. सुरुवात साल काढलेल्या डाळींनी करून मग अख्ख्याकडे जावं. पाणी वाढवलं नाही तर चोथ्याने बद्धकोष्ठ सुटण्याऐवजी वाढतं. तीन-चार आठवड्यांत वायू बहुतेकांचा कमी होतो. न झाला, वजन उतरू लागलं, किंवा शौचात रक्त दिसलं, तर तो प्रश्न चोथ्याचा नाही, डॉक्टरकडे जायला हवं. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी कडधान्यं आणि पालेभाज्या वाढवण्याआधी पोटॅशियमचं प्रमाण विचारून घ्यावं, आणि वॉर्फेरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांनी पालेभाज्या एकदम वाढवू किंवा तोडू नयेत.

पंगत वाईट असेल तर ती उठवूनच का देऊ नये, हा विचारही प्रत्यक्षात करून झाला आहे. धमन्यांच्या आजारामागे क्लॅमिडिया न्यूमोनी हा जिवाणू असावा असा कयास होता, तो आतड्यातला नव्हे, श्वसनमार्गातला. हृदयविकाराच्या ४,०१२ रुग्णांवर एक चाचणी झाली. निम्म्यांना वर्षभर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम अझिथ्रोमायसिन दिलं, निम्म्यांना औषध नसलेली गोळी. जवळपास चार वर्षं मागोवा घेऊन २००५ मध्ये निकाल आला: काडीचाही फरक नाही. हृदयासाठी प्रतिजैविक घ्यायचं नसतं, हे त्या दिवसापासून पक्कं झालं.

प्रतिजैविकाने हृदयरोग्याला वेगळाच घाव बसू शकतो, तो डिगॉक्सिनच्या वाटेने. काही लोकांच्या आतड्यातला एगर्थेला लेंटा हा जिवाणू हे हृदयाचं औषध निष्क्रिय करून टाकतो. अशा रुग्णाला जास्त मात्रा लागते आणि ती बसवलेली असते. मग खोकल्यासाठी म्हणून एरिथ्रोमायसिन सुरू होतं, जिवाणू मरतो, आणि तीच मात्रा अंगावर येते: मळमळ, पिवळसर दिसणं, ठोके चुकणं. डिगॉक्सिन घेणाऱ्याने कुठलंही प्रतिजैविक सुरू करताना हे सांगायलाच हवं.

प्रोबायोटिक गोळ्यांबद्दल थोडक्यात: परिणाम जातीपुरता नसतो, त्या जातीतल्या नेमक्या वाणापुरता असतो. लॅक्टोबॅसिलस रुटेरीच्या एका वाणाने एलडीएल सुमारे ११ टक्के उतरवलेलं आहे. ते दुसऱ्या वाणाला लागू होत नाही. स्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचं नेहमीचं औषध ते ३० ते ५० टक्के उतरवतं, हे शेजारी ठेवून पाहावं. आणि टीएमएओची रक्तचाचणी करायची असेल तर आधीचा दिवसभर तरी मासे टाळावेत आणि सोबत मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन तपासावं, नाहीतर तो आकडा आतड्याबद्दल बोलतोय, ताटाबद्दल की मूत्रपिंडाबद्दल, हेच कळत नाही.

जिवाणू न मारता त्यांचं नेमकं विकर तेवढं जाम करायचं, ही यातली सर्वांत आशादायक दिशा आहे. २०१८ साली क्लीव्हलँडच्या त्याच गटाने कोलीनसारखे दिसणारे रेणू तयार केले. जिवाणू ते कोलीन समजून आत ओढून घेतो आणि त्याचं विकर तिथेच अडकतं. उंदरांना तोंडावाटे दिलेल्या एका मात्रेने टीएमएओ तीन दिवसांपर्यंत खाली राहिला, प्लेटलेटचा चिकटपणा कमी झाला, जखमेतून रक्त वाहण्याचा वेळ वाढला नाही, आणि जिवाणू जिवंतच राहिले. रक्त पातळ करणाऱ्या आजच्या कुठल्याही औषधाला रक्तस्रावाचा धोका चुकलेला नाही, म्हणून हे महत्त्वाचं. आता हवी आहे ती हजारो माणसांवरची चाचणी, ज्यात असं औषध देऊन टीएमएओ खाली आणायचा आणि मग पाच वर्षं हार्ट अटॅक मोजायचे. ते कमी झाले तर टीएमएओ कारण ठरेल, न झाले तर फक्त खूण.